नाताळचं जेवण पहिल्यांदाच तुमच्यावर आलंय? ईस्ट इंडियन घरातल्या एका सुनेचं वेळापत्रक

मी मूळची कराडची. लग्न होऊन मुंबईतल्या एका गावठाणात, ईस्ट इंडियन घरात आले तेव्हा नाताळ म्हणजे केक आणि चांदणी एवढंच मला माहीत होतं. पहिली तीन वर्षं ममींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हाताखाली कांदे चिरण्यात गेली. चौथ्या वर्षी डिसेंबरातच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चौदा माणसांचं जेवण माझ्या अंगावर आलं. मला वाटलं, आपण काय दिवाळीचा फराळ केलेला नाही का? २५ तारखेला पहाटे पाचला उठले आणि सगळं एकदम सुरू केलं. दुपारचे अडीच वाजले तरी पाहुणे कुलकुल (मैद्याचे गोड, तळलेले शंख) खाऊन भूक मारत बसलेले. सोरपोतेल, म्हणजे पोर्क आणि काळजाचं आंबट-तिखट कालवण, ताटात आलं ते व्हिनेगरने घसा खरवडत. फुगे, म्हणजे यीस्ट घालून तळलेले मैद्याचे गोळे, तर फुगलेच नाहीत. नवऱ्याच्या मामांनी एक उचलून टेबलावर आपटून पाहिला.

ममी खुर्चीत पाय वर करून बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "अगं, नाताळचं जेवण २५ ला शिजवायचं नसतं. २५ ला फक्त तळायचं आणि गरम करायचं."

खालचं सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे.

माहिती नसलेल्यांसाठी थोडक्यात: ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, ठाणे, वसई इथले मूळचे, घरात मराठी बोलणारे कॅथलिक. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतलं. गोव्याहून आणि मंगळूरहून मुंबईत नोकरीला येणाऱ्या कॅथलिकांपासून आपण वेगळे ओळखू यावे म्हणून. तुमचं सासर गोव्याचं असेल तर फुग्यांच्या जागी सान्नां (इडलीसारखे) येतील आणि गोडात बेबिंका (थराथरांचा केक) येईल, पण तारखांचं गणित तेच राहील. सून नसाल, नुसतीच हौस असेल किंवा परदेशात एकट्याने नाताळ करायचा असेल, तरीही चालेल.

१. आधी माणसं मोजा, आणि कोण काय खात नाही ते विचारा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच फोन करा. "येताय ना?" एवढं विचारून भागत नाही. पोर्क कोण खातं, अंडं कुणाला चालतं, पथ्य कुणाला आहे, दारू घातलेला केक मुलांना देणार का, हे सगळं त्याच फोनवर विचारून घ्या. आमच्याकडे नवऱ्याचे दोन मित्र पोर्क खात नाहीत. त्यांच्यासाठी मी नुसता वेगळा रस्साच नाही, तर वेगळी कढई, वेगळा डाव आणि तळणीचं वेगळं तेलही ठेवते. न सांगता चालवून नेऊ नका, फार वाईट दिसतं.

दुसरी अडचण आपल्याच माहेरच्यांची. नाताळ बरेचदा मार्गशीर्षात पडतो. २०२६ मध्ये तर पडतोच, आणि दत्तजयंतीही त्याच आठवड्यात आहे. माझी आई, मावशी तेव्हा मटणाला हात लावत नाहीत. दोन वर्षं मी त्यांना फक्त भात आणि कोशिंबीर वाढली. आई काही बोलली नाही, पण जाताना स्टेशनवर वडापाव खाल्ला हे मला भावाकडून कळलं. तेव्हापासून शाकाहारी जेवण ही आमच्याकडे तडजोड नसते, मेनूचा भाग असतो.

२०२६ मध्ये २५ डिसेंबर शुक्रवारी येतो, त्यामुळे "शुक्रवारी मांस चालेल का?" असं सासरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने विचारलं तर गोंधळू नका. कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, पण नाताळ हा महासोहळ्याचा दिवस. चर्चच्या नियमातच अशा दिवसाला सूट आहे.

२. मेनू कागदावर लिहा आणि त्यातले तीन पदार्थ खोडा

जुन्या वहीत नाताळचे पदार्थ पाहिलेत तर चक्कर येईल. सोरपोतेल, इंदियाल (व्हिनेगरमधलं पोर्क), बदकाचं मोयली (रस्सा), मटण, रोस्ट, पोटॅटो चॉप (सारण भरलेल्या बटाट्याच्या टिक्क्या), कटलेट, पिवळा भात, फुगे, चितापे (तांदळाचे घावन). त्या काळी घरात पाच बायका आणि अंगणात तीन चुली होत्या. तुमच्याकडे दोन बर्नर आणि कदाचित एक नवरा आहे.

बारा माणसांसाठी मी आता एवढंच करते:

- सोरपोतेल (दीड किलो पोर्क, अडीचशे ते तीनशे ग्रॅम काळीज)
- बदकाचं मोयली, किंवा बदक मिळालं नाही तर गावठी कोंबडी (एक मोठं बदक चार-पाच जणांना पुरतं, म्हणून दोन)
- पोटॅटो चॉप, निम्मे खिम्याचे, निम्मे मटार-गाजराचे
- वालाची किंवा मिश्र भाजीची नारळाच्या दुधातली रस्साभाजी
- पिवळा भात, पाऊण किलो तांदळाचा
- फुगे, साठ
- बिटाची कोशिंबीर, केक, गोडाचं ताट

भाताबद्दल मुद्दाम सांगते. नवखी माणसं इथेच फसतात. आपल्याला माणशी भात मोजायची सवय, म्हणून दीड किलो तांदूळ लावतात. पण जिथे फुगे असतात तिथे भात कमीच जातो. माणशी चार ते पाच फुगे धरा. भात उरतो, फुगे कधीच उरत नाहीत.

जुन्या वह्यांत बीफ रोस्ट हमखास सापडेल. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या मांसावरही बंदी आहे. काही घरं ते रोस्ट म्हशीच्या मांसाचं करतात, काही मटणाच्या मांडीचं. पहिल्या वर्षी तुम्ही रोस्टच्या वाटेला जाऊच नका, असं माझं मत. ओव्हन अडकतो, आणि मांस कापताना सगळे टेबलाभोवती उभे राहून सल्ले देतात.

३. काय काय लागेल

सामानाची यादी प्रत्येकाची वेगळी, पण ऐन वेळी हमखास नसतं ते हे:

- बॉटल मसाला. घरचा नसेल तर पाव किलो पुरे.
- काश्मिरी मिरच्या, बिया काढायला सोप्या अशा लांब आणि नव्या
- उसाचं किंवा ताडीचं व्हिनेगर, एक बाटली
- ड्राय यीस्ट, तारीख पाहून
- नारळ सहा, किंवा नारळाच्या दुधाचे डबे
- स्टीलचं किंवा मातीचं मोठं भांडं, झाकणासकट
- खोल कढई आणि लांब दांड्याचा झारा
- भरलेला गॅस सिलिंडर, दुसरा

शेवटची ओळ गंमत म्हणून लिहिलेली नाही. २४ तारखेला संध्याकाळी सिलिंडर संपला की काय होतं ते मी पाहिलं आहे. शेजारच्या घरी अर्धवट शिजलेलं बदक घेऊन जावं लागतं. डिसेंबरच्या दहा तारखेलाच नंबर लावा.

भांड्याचं कारण व्हिनेगर. सोरपोतेल, इंदियाल यांत ते भरपूर असतं आणि पदार्थ दोन-तीन दिवस भांड्यातच मुरतो. अॅल्युमिनियमचं पातेलं किंवा कल्हई उडालेलं पितळ वापरलंत तर आंबटाने धातू सुटतो, चवही बिघडते आणि ते पोटालाही बरं नाही.

बॉटल मसाल्याविषयी थोडं. हा मसाला एप्रिल-मेच्या उन्हात होतो. मिरच्या, धणे, हळकुंड, तीळ, खसखस, गहू, चणाडाळ, दगडफूल, नागकेशर, कबाबचिनी अशी वीसहून जास्त जिन्नसं उन्हात वाळवायची, एकेक वेगळं भाजायचं आणि कुटायचं. मग तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. काचेचा गडद रंग उजेड अडवतो, ठासल्याने आत हवा राहत नाही, म्हणून मसाला वर्षभर टिकतो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते सुनेला लगेच सांगत नाहीत. मला सातव्या वर्षी सांगितलं. विकत घेताना पारदर्शक पिशवीतला, दुकानात उन्हाच्या बाजूला ठेवलेला घेऊ नका. वास घेऊन पाहा. नुसत्या मिरचीचा भपकारा आला तर ते तिखट समजा, मसाला नव्हे.

४. नोव्हेंबर: केकचा सुकामेवा

मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची मुरवलेली साल, टुटीफ्रुटी, काजू. बारीक चिरून रममध्ये बुडवून, काचेच्या कोरड्या बरणीत. चार ते सहा आठवडे. आठवड्यातून एकदा बरणी हलवायची.

दारू नको असेल तर संत्र्याच्या रसात भिजवा, पण इथे सापळा आहे. रमचं वेळापत्रक रसाला लावायचं नाही. रस आंबतो. केक करायच्या आदल्या दिवशी भिजवा आणि फ्रिजमध्येच ठेवा. माझ्या एका जावेने रसातला मेवा तीन आठवडे ओट्यावर ठेवला होता. झाकण उघडलं तेव्हा जो आवाज झाला त्याची आठवण दर नाताळला निघते.

केक १० ते १५ डिसेंबरच्या दरम्यान भाजून, गार करून, बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. ओव्हन नसेल तर ओळखीच्या बेकरीवाल्याला विचारा. तयार मिश्रण डब्यात घालून नेलं तर काही जण अजूनही भट्टीत भाजून देतात. मात्र २० तारखेनंतर त्यांच्याकडे जाऊ नका, त्यांना स्वतःच्या केकमधून डोकं वर काढायला सवड नसते.

५. १५ ते २० डिसेंबर: गोडाचं ताट

हे काम एकटीने करायचं नाही. कुलकुल म्हणजे मैदा, नारळाचं दूध आणि अंड्याच्या पिठाच्या छोट्या गोळ्या, काट्याच्या पाठीवर दाबून शंखासारख्या वळलेल्या आणि तळलेल्या. एक किलोचे वळायला एका माणसाला अख्खी दुपार जाते. चार माणसं आणि दोन मुलं बसवलीत तर दीड तासात संपतात. मुलांचे कुलकुल वेडेवाकडे होतात. ते तळाशी ठेवा.

नेवऱ्या आपल्या करंजीसारख्याच, त्यामुळे दिवाळी केलेल्या बाईला त्यात नवं काही नाही. खरी कसोटी मिल्क क्रीमची. एक लिटर साईचं दूध, चारशे ग्रॅम साखर, दीडशे ग्रॅम काजूची पूड. जाड बुडाच्या कढईत आटवायचं, तासभर हात थांबवायचा नाही. गोळा कडा सोडू लागला की लगेच उतरवा. अजून दोन मिनिटं म्हणून ठेवलंत तर साच्यात दाबताना भुगा होतो. भुगा झालाच तर दोन चमचे दूध घालून पुन्हा मंद आचेवर फिरवा, बहुतेक वेळा सावरतं. रबरी साचे क्रॉफर्ड मार्केटच्या केक-सामानाच्या दुकानांत मिळतात. त्यांना आतून तुपाचं बोट पुसून घ्या.

पेरूचं चीज (पेरूच्या गराची आटवलेली वडी) करणार असाल तर हाच मोसम, पेरू स्वस्त असतात. मार्झिपॅन (काजू-बदामाची मिठाई) पहिल्या वर्षी विकत आणा.

ही ताटं शेजारी जातात, म्हणून आपल्या घरापुरता नाही तर आळीपुरता हिशोब करा. आमच्या गावठाणात २३-२४ ला ताटं फिरतात, वर विणलेला रुमाल घालून. आलेलं ताट रिकामं परत जात नाही. तुमच्याकडे ऐन वेळी काही उरलं नसेल तर वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली राजेळी केळी, घरात आणून ठेवा. मी ठेवते. आत्यासासूबाई आगाशीहून पाठवतात आणि त्या पुडक्याने माझी अब्रू दोनदा वाचवली आहे.

६. २१ किंवा २२ डिसेंबर: सोरपोतेल

सगळ्यात महत्त्वाचा दिवस हा. २५ नव्हे.

पोर्कची ऑर्डर आठवडाभर आधी द्या. २३-२४ ला दुकानासमोर रांग असते आणि उरलंसुरलं गळ्यात पडतं. सांगताना "चरबीसकट, पोटाकडचं" असं सांगा. नुसतं लाल मांस घेतलंत तर सोरपोतेल कोरडं होतं. काळीज वेगळ्या पिशवीत मागा.

आता कृती. बारा माणसांची.

मांस धुऊन तळहाताएवढे मोठे तुकडे ठेवा. मीठ आणि बुडेल इतकं पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटं उकळा. काळीज वेगळ्या भांड्यात दहा मिनिटं, नाहीतर त्याचा कडवटपणा सगळ्या पाण्यात उतरतो. मांसाचं पाणी गाळून ठेवा, काळजाचं फेकून द्या. मग मांस पूर्ण गार होऊ द्या. शक्य असेल तर तासभर फ्रिजमध्ये. गरम मांस चिरायला गेलात तर चरबी सुरीखालून सटकते आणि लगदा होतो. गार झालेलं मांस छान चिरलं जातं, बोटाच्या पेराच्या निम्म्याने, सगळे तुकडे सारखे. हे कंटाळवाणं काम आहे. रेडिओ लावा, कुणाला तरी समोर बसवा. खिमा करून मोकळं व्हायचा मोह होईल, पण खिम्याचं सोरपोतेल होत नाही.

मसाल्याला पंचवीस काश्मिरी मिरच्या बिया काढून, दोन चमचे जिरं, एक चमचा मिरं, आठ लवंगा, दोन बोटं दालचिनी, चमचाभर हळद, लसणाचे दोन गड्डे, दोन बोटं आलं. हे सगळं दीडशे मिली व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून त्यातच वाटा. पाण्याचा थेंब नको, टिकाऊपणा तिथेच जातो. व्हिनेगर पांढरं सिंथेटिक असेल तर शंभर मिलीपासून सुरुवात करा, ते जास्त टोचतं.

आता चरबीचे तुकडे आधी कढईत टाका. त्यांचंच तेल सुटेल, वरून घालायची गरज नाही. त्यात मांस आणि काळीज थोडं थोडं लालसर परतून काढा. त्याच तेलात चार मोठे कांदे, मग मसाला. वाटणाच्या भांड्यात राहिलेलं मांसाच्या पाण्याने विसळून घाला. तेल सुटलं की मांस टाका, गाळलेलं पाणी बेताने घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. काही घरांत रक्तही घालतात, आमच्याकडे नाही.

आता सगळ्यात मोठा सापळा. झालं की तुम्ही चव घ्याल, ते आंबट आणि तिखट लागेल आणि तुम्ही घाबराल. काही करू नका. साखर नको, बटाटा नको, नारळाचं दूध तर नकोच. गार करून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी एकदा पूर्ण उकळी आणा, पुन्हा गार करून आत. व्हिनेगर मांसात आणि चरबीत मुरतं, आंबटपणाची धार जाते आणि तिसऱ्या दिवशी चव गोल होते. मी त्या पहिल्या वर्षी आंबट लागलं म्हणून चार चमचे साखर ओतली होती. पाहुण्यांना घसा खरवडला, आणि जे २७ तारखेपर्यंत उरलं ते चटणीसारखं गोड झालं. फ्रिज नव्हते तेव्हा रोज उकळी देऊनच हे टिकवत. आता फ्रिज आहे, पण डाव मात्र कोरडा वापरा आणि खाण्यापुरतंच बाहेर काढा.

७. २३ डिसेंबर: बदक, खिमा, बाजार

बदक सांगून ठेवलेलं आणा आणि कापून घ्या. बदकाला कोंबडीच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, म्हातारं निघालं तर त्याहून जास्त. म्हणूनच ते २५ साठी ठेवायचं नाही. आलं, लसूण, हळद, मीठ लावून रात्रभर, आणि २४ ला सकाळी कांद्यावर, बॉटल मसाला आणि थोडं व्हिनेगर घालून शिजवायचं. बटाटे मात्र २५ ला गरम करताना, नाहीतर विरघळतात. साधारण अंदाज म्हणून किलोभर मांसाला बॉटल मसाल्याचे दोन ते तीन मोठे चमचे.

चॉपचे बटाटे आज उकडा, दोन्ही सारणं आज करून ठेवा. उकडलेले बटाटे गरम असतानाच किसा आणि मग गार करा. गार बटाट्याच्या गुठळ्या राहतात आणि चॉप तळताना तिथेच फुटतो. शाकाहारी चॉप रव्यात घोळवा, अंड्यात नको, आणि डब्यावर चिठ्ठी लावा.

भाजी, कोथिंबीर, लिंबं, बीट, पाव, बर्फ. संपलं.

८. २४ डिसेंबर: लवकर आवरा

सकाळी बदक शिजवा. दुपारी चॉप वळून फ्रिजमध्ये ठेवा. पिवळ्या भाताचा कांदा तळून, बेदाणे-काजू परतून डब्यात. संध्याकाळी स्वयंपाकघर बंद.

"मध्यरात्रीचा मिस्सा" (चर्चमधली नाताळची प्रार्थना) असं नाव असलं तरी मुंबईत बऱ्याच ठिकाणी तो आता रात्री लवकरच असतो, कारण मोकळ्या मैदानात लाउडस्पीकरला दहाची मर्यादा येते. तुमच्या पॅरिशची, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चची, वेळ आधीच पाहा. मी एकदा अकराला साडी नेसून तयार झाले तेव्हा सगळे घरी परत येत होते. मिस्सा झाल्यावर केक, थोडी वाइन, सूप किंवा कटलेट एवढंच. आमच्याकडे मोठं जेवण २५ च्या दुपारी असतं. तुमच्याकडे रात्री असेल तर पुढच्या वेळा सहा-सात तासांनी पुढे सरकवा.

झोपा. खरंच झोपा.

९. २५ डिसेंबर: फुगे

जेवण एक वाजता धरलंय.

सकाळी सातला यीस्ट जागं करा. दहा ग्रॅम ड्राय यीस्ट, एक चमचा साखर, अर्धी वाटी कोमट पाणी. कोमट म्हणजे बाळाच्या आंघोळीचं. कढत पाण्यात यीस्ट मरतं. दहा मिनिटांत वर फेस आला पाहिजे. आला नाही तर पुढे जाऊ नका, दुसरं पाकीट फोडा. माझं त्या वर्षीचं यीस्ट मार्चमध्येच मुदत संपलेलं होतं आणि मी फेसाची वाटच पाहिली नव्हती.

एक किलो मैदा, तीन अंडी, एक वाटी दाट नारळाचं दूध, चार मोठे चमचे साखर, दोन चमचे लोणी, मीठ आणि ते यीस्ट. नारळाचं दूध फ्रिजमधून काढून थेट घालू नका. लागेल तसं कोमट पाणी घालत हाताने फेटत राहा. पीठ पुरीचं नव्हे, मेदूवड्याच्या पिठाहून किंचित घट्ट, हाताला चिकटणारं, उचललं की लोंबणारं. चपातीची सवय असलेला हात इथे दगा देतो. पीठ चिकटलं की तो आणखी मैदा घालतो, आणि मग टेबलावर आपटण्याजोगे फुगे होतात. पंधरा मिनिटं खालून वर असं फेटा. पूर्वी यीस्टऐवजी ताडी घालत. गावठाणात ताजी ताडी आता सहज मिळत नाही, आणि मिळाली तर तिचा जोर दरवेळी वेगळा असतो, म्हणून नवख्यांनी यीस्टच वापरावं.

मोठ्या भांड्यात झाकून ठेवा. थंडीच्या दिवसांत मुंबईतही तीन तास लागतात, पुण्या-नाशकात चार. बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचा वाडगा ठेवून त्याशेजारी ठेवलं तर लवकर होतं. दुप्पट झालं पाहिजे.

पीठ फुगतंय तोवर भाज्या, कोशिंबीर, टेबल. साडेअकराला भात लावा. पावणेबाराला तेल तापत ठेवा.

तळणं असं: डाव्या हाताला पाणी लावून पीठ मुठीत घ्या. मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनीच्या मधून पिठाचा लहान गोळा वर येतो. ओल्या चमच्याने किंवा उजव्या हाताच्या बोटांनी तो तोडून तेलात सोडा. लिंबाएवढा पुरे, तो दुप्पट होतो. आच मध्यम. तेल जास्त तापलं तर बाहेरून तांबूस आणि आत कच्चे राहतात. पहिला एक तळून फोडून पाहा. झाऱ्याने वर तेल उडवत राहा, फुगे गर्रकन उलटतात, ते पाहायला मुलं जमतात. कढईपासून त्यांना लांब ठेवा. एका वेळी सहा-सातच. साठ फुगे तळायला तासभर जातो, म्हणून हे काम दोघांत वाटा. आमच्याकडे मी सोडते, नवरा काढतो, आणि वाटेत चार खातो.

दुसऱ्या बर्नरवर सोरपोतेल मंद गरम होऊ दे. ते उतरलं की मोयली. चॉप शेवटी, फुग्यांच्या तेलात नाही. त्यातही शाकाहारी चॉप आधी, ताज्या तेलात.

फुगे तळून टोपलीत, वर कापड. झाकण घट्ट लावलंत तर वाफेने चामट होतात.

१०. २६ डिसेंबर: उरलेलं, आणि वही

सोरपोतेल आज सगळ्यात छान लागतं. पावात भरून, वर तळलेलं अंडं. उरलेले फुगे (उरलेच तर) तव्यावर दाबून लोणी लावून. भाताला कुणी विचारत नाही, त्यात कोथिंबीर, हिरवी मिरची घालून परता आणि मुलांच्या डब्यात द्या. चार दिवसांहून जास्त काही ठेवू नका.

आणि आजच, आठवण ताजी असताना, वहीत लिहा. किती आणलं, किती उरलं, काय कमी पडलं. मागच्या वर्षीचं माझं पान असं आहे: "माणसं १३. फुगे कमी, मैदा सव्वा किलो घेणे. भात पुन्हा उरला, अर्धा किलोच लावणे. बदक क्र. २ म्हातारं होतं, दुकान बदलणे. आईने मटारचे चॉप तीन खाल्ले. ममींनी सोरपोतेल चाखून काही म्हटलं नाही, दुसऱ्यांदा वाढून घेतलं."